फिरून राहिली का वं?

आमच्या गल्लीत बरीच वर्षं माझी ओळख 'मशीन बनवणारी पोरगी' अशी होती. मी पन्नाशीला टेकलेली, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी, केसांना मेंदी लावणारी बाई. पण ही ओळख बाबांनी करून दिलेली असल्यामुळे त्यातली 'पोरगी' काही केल्या हलली नाही. आई गेल्यावर नागपूरच्या नंदनवन भागातल्या या घरात आम्ही दोघंच उरलो. बाबांनी उमरेडच्या कोळसा खाणीत पंपावर नोकरी केली होती. खाणीत साचलेलं पाणी बाहेर फेकणाऱ्या त्या अजस्र पंपांच्या आवाजात त्यांचे कान अर्धे गेले आणि धुळीत छाती गेली, तरी मशीन म्हटलं की त्यांचा चेहरा खुलायचा. मुलगी शिकली याचा त्यांना अभिमान होताच. ती मशीन बनवते हे कळल्यावर मात्र त्यांनी ते विहारातल्या वंदनेपासून भाजीच्या ठेल्यापर्यंत सगळीकडे सांगून टाकलं.

परिणाम असा की एका रविवारी समोरच्या काकू मिक्सर घेऊन दारात उभ्या.

"हा पाहून दे वं जरा. चटणी वाटता वाटता बंदच पडला."

"काकू, मी असल्या मशिनी नाही बनवत."

"मंग कसल्या बनवते?"

"माझी मशीन फार लहान असते. डोळ्यांनी दिसत नाही."

काकूंनी मिक्सर परत कडेवर घेतला आणि माझ्याकडे दयेने पाहिलं. "दिसतच नाही, तं चालू हाये का बंद, कसं समजते तुले?"

तेव्हा मी मनापासून हसले. काकूंचा प्रश्न पुढे माझ्या मानगुटीवर बसणार आहे हे मला काय माहीत!

मशीन म्हणजे खरं तर एक रेणू. मी तो बनवत होते, म्हणजे साध्या रसायनांपासून पायरीपायरीने जोडत होते. त्याला दोन भाग, मधे एक बंध. खालचा भाग स्थिर धरला तर वरचा भाग त्या बंधाभोवती पंख्यासारखा फिरला पाहिजे, आणि एकाच दिशेने. म्हणून विभागात सगळे त्याला 'मॅडमचा पंखा' म्हणायचे. "मॅडम, पंखा सुरू झाला की जरा आमच्याकडेही हवा सोडा," असं मे महिन्यात किमान एक तरी माणूस रोज म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

या पंख्याला वीज लागत नाही, प्रकाश लागतो. ठरावीक दिव्याचा प्रकाश पडला की वरचा भाग झटक्यात वळतो, पण पुरता वळत नाही. मधेच अडतो, अंग चोरून अवघडून बसतो. मग आजूबाजूच्या उष्णतेने तो हळूच खालच्या भागाला ओलांडून पुढे सरकतो. एकदा सरकला की मागे फिरत नाही. पुन्हा प्रकाश, पुन्हा अवघडणं, पुन्हा सरकणं. बाबांना मी हे हातांनी दाखवलं होतं. एका तळव्यावर दुसरा तळवा आडवा ठेवायचा, वरचा फिरवायचा, अंगठ्याला अंगठा अडला की थांबायचं आणि मग अलगद ओलांडायचं. बाबा कितीतरी दिवस कूलरसमोर बसून एकटेच तसे हात फिरवायचे.

"आवाज येते का वं?" त्यांनी एकदा विचारलं.

"नाही येत बाबा."

"बिना आवाजाची मशीन," ते म्हणाले, आणि मान हलवत राहिले. त्यांना ते पटलं नसावं, पण मुलीची मशीन म्हणून त्यांनी चालवून घेतलं.

हा पंखा फिरतो हे सिद्ध करायला मात्र एक अडचण होती. माझ्या रेणूचा खालचा भाग दोन्ही बाजूंनी सारखा होता. त्यामुळे वरचा भाग अर्धी फेरी पूर्ण करून बसला की रेणू अगदी पहिल्यासारखाच दिसायचा. छताचा पंखा बंद असताना कुणी आपल्या पाठीमागे त्याचं एक पातं पुढे ढकलून ठेवलं तर आपल्याला कुठे कळतं? तसंच. फिरला आणि फिरलाच नाही, दोन्हींचं चित्र एकच. त्याला रंगेहाथ पकडायचं तर मधल्या त्या अवघडलेल्या अवस्थेत पकडायला हवं. ज्यांनी असे रेणू आधी बनवले होते, त्यांच्या लेखांत लिहिलेलं असायचं की खोलीच्या तापमानाला ही अवस्था चांगली टिकते. निवांत मोजता येते. मी ते वाक्य वाचलं, पुढे गेले. खोलीचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान, त्यात वाचण्यासारखं काय आहे?

काम सगळं अंधारात. चुकार प्रकाश पडला तर मोजमाप बिघडणार, म्हणून गांधीबागेत जाऊन जाड काळं कापड आणलं. ठोक दुकानदाराने विचारलं, "मॅडम, इतना काला कपडा? नाटक-वाटक है क्या?" मी म्हटलं, "अंधेरा करना है." त्याने पुढे काही विचारलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या खोलीच्या खिडक्यांना ते पडदे लागले आणि मी त्यांच्या आत गेले ती जवळजवळ गेलेच. विद्यार्थी असल्या विषयाला लागत नाहीत. त्यांना औषधांवर काम हवं असतं, लवकर नोकरी लागेल असं. त्यांचं बरोबर आहे. लाल मिणमिणत्या बल्बखाली मी एकटी, बाटल्या एकट्या. दिवसभर कुणाशी बोलले नाही हे मला कधी कधी संध्याकाळी भाजीवाल्याशी बोलताना घसा खरखरल्यावर कळायचं. मला एकटेपणाची सवय आहे असं मी लोकांना सांगत असे. ते खोटं होतं. सवय अशी होत नाही, फक्त त्याबद्दल बोलणं बंद होतं.

दिवसातून एकच माणूस मला माझ्या कामाचं विचारायचा. संध्याकाळी मी फाटकात गाडी लावली की आतून, कूलरच्या घरघरीवरून, बाबांचा आवाज यायचा.

"फिरून राहिली का वं तुही मशीन?"

"नाही बाबा."

"फिरन. उद्या फिरन."

एवढंच. पण दिवसभर त्या काळ्या पडद्यांआड मी ज्याच्यासाठी टिकून राहायचे ते एवढंच होतं. त्यांची छाती त्या वर्षी फार वाजायला लागली होती. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून जे सांगायचं ते सांगितलं होतं. मला या कामातून नाव नको होतं, बढती नको होती. मला एकदा, फक्त एकदा, फाटकातून "हो" म्हणायचं होतं. ते कूलरसमोर बसलेले असताना.

तो उन्हाळा नेहमीसारखाच भाजून काढणारा होता. माझी खोली वरच्या मजल्यावर, स्लॅबच्या थेट खाली. एसी बंद पडलेला. दुरुस्तीचा अर्ज कुठल्याशा टेबलावर उन्हाळी सुट्टी घालवत होता. कूलर लावता येत नव्हता, कारण माझ्या रसायनांना दमट हवा चालत नाही. ज्या यंत्रावर रेणूची तपासणी व्हायची ते आवाराच्या दुसऱ्या टोकाच्या इमारतीत, आणि त्यावर सकाळच्या वेळा मोठ्या गटांनी आधीच घेतलेल्या. दुपारी दोनची वेळ कुणालाच नको असायची. ती मला मिळायची, मी घ्यायचे. रेणूच्या द्रावणाची काचेची नळी दिव्याखाली ठेवायची, बराच वेळ प्रकाश द्यायचा, मग तिला चंदेरी पन्नीत गुंडाळायचं, वरून काळ्या कापडाचा तुकडा, मग पर्समध्ये, आणि तोंडाला स्कार्फ बांधून त्या रणरणत्या आवारातून चालत निघायचं.

पर्समध्ये कांदा असायचा. रोज सकाळी बाबा न विसरता ठेवायचे. खाणीतल्या दिवसांपासून त्यांचा नियम होता, उन्हाळ्यात खिशात कांदा ठेवल्याशिवाय घराबाहेर पाय टाकायचा नाही, लू बाधत नाही. मी रसायनशास्त्राची प्राध्यापक, मला कांद्याचं काय ते सगळं माहीत होतं. पण काढून ठेवायची हिंमत झाली नाही. काढला असता तर त्यांना कळलंही नसतं, तरी नाही. त्यामुळे कांदा आणि माझी मशीन, दोघं शेजारी शेजारी उन्हातून जायचे.

आणि यंत्रावर रोज तेच. आलेखावर तीच शिखरं, त्याच जागी. काही हललं नव्हतं, काही वळलं नव्हतं. मी दिवा बदलला. द्रावक बदलला. माझ्या बनवण्यातच खोट आहे असं धरून रेणू पुन्हा पहिल्यापासून बनवला, पुन्हा शुद्ध केला, आणि पुन्हा दुपारच्या उन्हातून नेला. तेच चित्र. संध्याकाळी फाटकात पुन्हा, "नाही बाबा."

मेच्या शेवटी एकदा मी अशीच परत आले तेव्हा काकू फाटकाशी उभ्या होत्या, बाबा आत खुर्चीवर. काकू गमतीने म्हणाल्या, "काय वं, तुह्या मशीनपरीस माहा मिक्सर बरा म्हनाचा. थो तं दुरुस्त होऊन फिरूनबी राहिला." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. मी हसायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. मी आत जाऊन आईच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि जेवायला बाहेर आले नाही. बाबांनी दार वाजवलं नाही. त्यांच्या दम लागलेल्या श्वासाचा आवाज मात्र बराच वेळ दाराबाहेर येत होता.

दुसऱ्या दिवशी फाटकात गाडी लावली तेव्हा आतून आवाज आला, "ऊन होतं का वं?"

मी चपापले. "होतं ना."

"लय होतं. पानी पे."

त्या दिवसापासून हाच प्रश्न. ऊन होतं का. मशीनचं एक अक्षर नाही. आधी मला वाटलं, विसरले असतील. मग वाटलं, कंटाळले. गल्लीतही कुणी काही विचारेनासं झालं. काकू फाटकाशी दिसल्या तर आंब्याच्या लोणच्याचं बोलायच्या. विहारातले आजोबा, जे पूर्वी "का गा, तुही पोरगी मशीन बनवते म्हंतेत" असं बाबांना माझ्यादेखत विचारायचे, ते आता मला नुसता नमस्कार करायचे. मला फार लागलं ते. शहाण्या माणसाने लावून घेऊ नये, पण लागलं. मी असं समजले की ज्या एका माणसाला माझ्या कामाची उत्सुकता होती तीही संपली आणि आता त्या काळ्या पडद्यांच्या बाहेर माझ्या पंख्याला कुणीच उरलेलं नाही. मी फाटकात गाडी लावायचे, ऊन होतं म्हणायचे, पाणी प्यायचे. जुलैत प्रश्न बदलला, "पानी होतं का वं वाटेत?" आणि मी म्हणायचे, होतं.

पोळा झाला आणि त्याच आठवड्यात बाबा गेले. दवाखान्यात, सकाळी, मी चहा आणायला खाली गेले होते तेवढ्यात. पुण्याहून भाऊ आला, सगळं नीट पार पाडलं, आणि ताई तू आता पुण्याला ये म्हणाला. मी म्हटलं, बघू. तो गेल्यावर मी कूलरचं गवत काढून फेकलं, कूलर पुसून कोपऱ्यात ठेवला. त्याच्यासमोरची खुर्ची हलवली नाही.

घरात सकाळ सर्वांत वाईट. दोन कप चहाचं पाणी ठेवलं जायचं. म्हणून मी भल्या सकाळी निघायला लागले. डिसेंबरात नागपूरची सकाळ बोटं आखडून टाकते. गल्लीच्या तोंडाशी शेकोट्या, माझ्या अंगावर बाबांचा जुना खाकी स्वेटर. मोठ्या गटातलं कुणीतरी सुट्टीवर गेलं आणि यंत्रावरची सकाळची वेळ मोकळी झाली, ती मी घेतली. खरं म्हणजे कामाबद्दल मला आता काही वाटत नव्हतं. दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं म्हणून मी नळी दिव्याखाली ठेवली, पन्नीत गुंडाळली, पर्समध्ये टाकली आणि धुक्यातून चालत गेले.

आलेखावर नवीन शिखरं होती.

नेहमीच्या शिखरांच्या शेजारी, ठसठशीत. माझी पहिली प्रतिक्रिया रागाची होती. नळी नीट धुतली नाही, काहीतरी घाण गेली, आता हे सगळं पुन्हा करा. मी नळी काढून टेबलावर ठेवली आणि धुमसत बसून राहिले. दोनेक तासांनी काय वाटलं कोण जाणे, पुन्हा तपासली. नवीन शिखरं खाली आली होती, जुनी वाढली होती. घाण अशी आपोआप जुन्या शिखरांत जाऊन मिसळत नाही. माझा रेणू अवघडून बसला होता आणि माझ्या डोळ्यांदेखत सावकाश ओलांडत होता.

तीच नळी, तोच दिवा, तीच वाट. बदललं काय? चष्मा पुसायला रुमाल हवा म्हणून मी पर्समध्ये हात घातला, तर तळाशी बोटाला काहीतरी कुरकुरलं. वर काढलं. कांद्याचं वाळलेलं टरफल, उन्हाळ्यातलं.

मी ते हातात धरून बसले आणि सगळं माझ्यासमोर उलगडलं. मी आपली नळी प्रकाशापासून जपत होते. पन्नी, काळं कापड, पर्स. उन्हापासून जपायचं म्हणजे आपल्याकडे झाकायचं; स्कार्फ बांधायचा, गॉगल लावायचा. उन्हातल्या उकाड्याचा मी विचारच केला नव्हता. उकाडा आमच्या हाडात मुरलेला, त्याला कोण वेगळं मोजतं? ज्यांनी 'खोलीचं तापमान' असं लिहिलं होतं त्यांच्या खोल्या आमच्या डिसेंबरच्या सकाळीसारख्या होत्या. माझ्या खोलीत, मेच्या दुपारी, स्लॅबखाली, त्या रेणूला अवघडून बसायला उसंतच नव्हती. प्रकाश पडला की तो वळायचा आणि मी दाराला कुलूप लावीपर्यंत सरकून मोकळा व्हायचा. यंत्रापर्यंत मी रोज घेऊन जात होते ती फेरी पुरी केलेली मशीन. पहिल्यासारखीच दिसणारी.

खात्री करायला मी नळीला पुन्हा प्रकाश दिला, नवीन शिखरं पुन्हा उगवली. मग ती मेच्या दुपारीइतक्या कोमट पाण्यात धरली. काही मिनिटांत शिखरं नाहीशी झाली. पुन्हा जुनं चित्र, महिनोन्महिने पाहिलेलं.

मला आनंद झाला, नाही असं नाही. पण त्या आनंदाला लगेच दुसरं काहीतरी चिकटलं आणि ते सुटेना. बाबा रोज विचारत होते, फिरून राहिली का. आणि मी रोज म्हणाले, नाही. ती फिरत होती. प्रत्येक दिवशी फिरत होती. मग त्यांनी ऊन होतं का विचारायला सुरुवात केली, तेव्हाही मी त्या प्रश्नाला फक्त होतं ना म्हणून पाणी पीत राहिले. मी यंत्राच्या खोलीत बसून रडले. ऑपरेटर चहाला गेला होता ते बरं झालं.

त्या दिवशी मी दुपारीच घरी आले. फाटकात गाडी लावली. उगाच जरा थांबले. आतून कुणी काही विचारणार नव्हतं हे मला माहीत होतं, तरी थांबले. समोर काकू उन्हात बसून संत्री सोलत होत्या. त्यांनी वर पाहिलं, माझे डोळे पाहिले आणि घाईने म्हणाल्या, "थंडी लय हाये नाई वं यंदा?"

गल्लीत सगळे असंच काहीतरी बोलायचे माझ्याशी. थंडी, लोणचं, नळाचं पाणी. मला एकदम असह्य झालं. न विचारताच मी म्हटलं, "काकू, मशीन फिरली."

काकूंच्या हातातलं संत्रं तसंच राहिलं. मग त्या उठल्या, रस्ता ओलांडून आल्या आणि सालीचा वास येणाऱ्या हातांनी त्यांनी माझा चेहरा धरला.

"खरंच फिरली? मंग आता इचारू का आमी?"

"म्हणजे?"

"तुह्या बाबानं सांगतलं होतं ना सगळ्याइले. त्या दिवशी तू जेवली नाही, मी भलतंच बोलून बसली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. तेवढा दम लागून राहिला होता त्याले, तरी घरोघरी गेला. विहारातबी सांगतलं. म्हने, पोरीले मशीनचं कोनी इचाराचं नाही. तिच्या जीवाले लागते. फिरली तं थेच सांगन. तोवर म्याबी इचारत नाही, तुमीबी इचारू नका." काकूंनी पदराने डोळे पुसले. "थो गेला, पन शब्द तं देल्ला होता ना आमी. म्हून गप होतो."

उमरेडच्या त्या दमेकऱ्याने भर उन्हात, खिशात कांदा टाकून, एकेक दार गाठलं असणार. आणि सबंध गल्ली त्याचा शब्द पाळत लोणच्याचं बोलत राहिली होती.

काकूंनी वळून हाक मारली, "अवं या वं, फिरली पोरीची मशीन!" मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांचा दाबून ठेवलेला प्रश्न त्यांनी अगदी बाबांसारखा, मान तिरकी करून विचारला.

"कवा फिरली वं?"

"उन्हाळ्यापासूनच फिरून राहिली होती, काकू," मी म्हटलं.